एक डास कमी

बातमीदारीत तीस वर्षं गेली. छापून आलेलं विसरलो, पण संपादकाने ज्यावर रेघ मारली ते वहीत साचत गेलं. यंदा वहीतली निम्मी पानं एकाच बाईंनी अडवली. डॉ. वैशाली, म्हणजे आमच्या मॅडम. अंबरनाथच्या एका छोट्या प्रयोगशाळेत डासांमधले विषाणू आणि सापाच्या विषावरची प्रतिकारशक्ती असे दोन विषय त्या सांभाळतात. हाताखाली माणूस एकच, प्रकाश. पन्नाशीचा, कमी बोलणारा.

*

मॅडमना दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला होता. तेव्हापासून हेंद्रेपाड्याहून त्यांच्या आईचा रोज दुपारी तीनला फोन येतो. जेवलीस का, हेसुद्धा विचारत नाहीत. प्रश्न एकच. "आज चावला का गं?"

"नाही गं," एवढं बोलून मॅडम फोन ठेवतात.

मी एकदा म्हणालो, एकदा होऊन गेला ना, मग आता कसली भीती? मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुकीची बातमी छापली होती!

*

उत्तर मिळालं ते जांभूळ गावच्या एका शेतकऱ्यामुळे. काकांना घोणस चावली होती. घोड्याच्या रक्तापासून बनवलेल्या इंजेक्शनांनी वाचले. रक्ताचा नमुना द्यायला आले ते छाती पुढे काढूनच. "आता मना काय व्हनार नाय. आंगात दवा भरलाय."

"काका, पुन्हा साप चावला तर धावत दवाखान्यात जा," मॅडम म्हणाल्या, "पण आधी सांगा, हे इंजेक्शन पूर्वी घेतलंय. शरीर ते विसरत नाही. दुसऱ्या वेळी औषधावरच उलटू शकतं."

काका गेल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, डेंग्यूचेही चार प्रकार असतात. एकाशी लढलेलं शरीर कधी कधी दुसऱ्याला आत घ्यायला मदतच करतं, आणि मग तो दुसरा जिवावर बेततो.

त्या दिवसापासून तीनचा फोन वाजला की मीही लिहिणं थांबवून मॅडमचं उत्तर ऐकायला लागलो.

*

उल्हासनगरात एका गल्लीत तापाचे रुग्ण वाढले. गल्लीच्या तोंडाशीच जुन्या टायरांचं गोदाम. शेठ सिंधी, अघळपघळ. आधी चहा, मग बोलणं. टायरांत पाणी, पाण्यात अळ्यांची वळवळ. मी तडकलो.

"साईं, पानी ऊपरवाले ने डाला. मैंने तो सिर्फ टायर रखा."

मॅडमनी वाद घातला नाही, बाटली भरून घेतली. शेठ हसले. "ले जाओ मॅडम, मच्छर का पैसा नहीं लेते!"

त्यांच्यामागे खाटेवर त्यांची सून दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत होती. भर दुपारी.

*

मी एका सरकारी आरोग्य कार्यालयात जाऊन भांडलो. साहेब म्हणाले, डेंग्यू नाही, संशयित ताप आहे. शेठची सून तेव्हा आयसीयूत होती. ती वाचली, पण साहेबांमुळे नव्हे.

"आणि टायरमधले डास?" मी विचारलं.

साहेबांनी फाईल मिटली. "तेही संशयित."

*

त्या बाटलीतल्या अळ्यांचे प्रयोगशाळेत डास झाले. जाळीच्या पिंजऱ्यात, नुसत्या साखरपाण्यावर. रक्त कधीच नाही. भिंती, टेबल, कोट, सगळं पांढरं. सुटलेला डास दिसावा म्हणून. निम्मे डास तपासायला गेले होते. रिपोर्ट आला तेव्हा मी हट्टाने आत जाऊन बसलो होतो. विषाणू सापडला. अंड्यातूनच आलेला, क्वचित होतं, पण होतं. आणि मॅडमना झाला होता तो प्रकार नव्हे. दुसरा.

मला पुरावा मिळाला. मी खूश! मॅडमनी प्रकाशला उरलेले डास मोजायला सांगितले. त्याने मोजले. पुन्हा मोजले.

"मॅडम, एक कमी आहे."

दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. तिघं तीन भिंतींकडे तोंड करून उभे राहिलो. त्या पांढऱ्यात एवढासा ठिपका शोधताना मला माझाच श्वास ऐकू येत होता.

प्रकाशला ती मादी खिडकीच्या चौकटीवर दिसली. उडत नव्हती, जड झाली होती. त्याने तिच्यावर काचेची नळी उपडी घातली आणि उजेडात धरली.

पोट लाल होतं.

मी माझे हात उलटसुलट करून पाहिले. प्रकाशने त्याचे पाहिले. मॅडमनी पाहिले नाहीत.

तीन वाजले. फोन वाजला.

"नाही गं," मॅडम म्हणाल्या, आणि कोटाची डावी बाही मनगटापर्यंत खाली ओढली.