कथेतला बाप आणि संत्र्याचा ताण

माघातल्या सकाळी मोहगावच्या रस्त्यावर बसची खिडकी उघडावी, आणि संत्र्याच्या फुलांचा धुंद गंध असा आत यावा की शेजारची अनोळखी बाईही उगाच हसावी! आंब्या बहाराचे, म्हणजे हिवाळ्याअखेर संत्रं फुलण्याचे हे दिवस. सौसरच्या कॉलेजात मराठी शिकवायला जाताना कित्येक वर्षे हा गंध मी वर्गापर्यंत सोबत नेत आले आहे.

आणि नेमकी याच दिवसांत अभ्यासक्रमातली ती कथा शिकवायची असते. तिचा नायक एक बाप. मुलगा आपल्या मनाविरुद्ध नाटकमंडळीत गेला, म्हणून त्याच्या एकाही पत्राला उत्तर न देणारा, तरी प्रत्येक पत्र ट्रंकेत जपणारा. मुलगा पुढे परतत नाही. ‘अहंकारी, पाषाणहृदयी’ असं मी दरवर्षी फळ्यावर ठणकावून लिहीत आले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! माझ्या लेकीनं, मुक्तानं सरकारी नोकरीचा अभ्यास सोडून नागपुरात केकचं दुकान काढलं, आणि दिवाळीपासून मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. तिचे मेसेज मात्र रोज वाचत होते.

यंदा वैशाली, मोहगावच्या संत्रा बागायतदाराची लेक, माझी सगळी विशेषणं बाजूला सारून वर्गात उभी राहिली. म्हणाली, “मॅडम, बाप दुष्ट नाही जी. तो पोराले ताण देऊन राहिला. आमचे बाबा नाही का, बहारासाठी झाडाचं पानी तोडत? पानं मलूल झाली का मंग पानी सोडतेत, तवा फुलं येतेत. हा बाप पानी सोडाचंच भुलला. झाड वाळलं ना!”

वर्ग हसला, मला हसू येईना. माया करणाऱ्यांच्या हातून हीच चूक होते का हो? कठोर व्हायला आपल्याला एक क्षण पुरतो; पाणी सोडायचा दिवस ओळखायला मात्र रोज झाडाजवळ जावं लागतं, पान हातात घ्यावं लागतं. मी तर तीन महिने बागेकडे फिरकलेच नव्हते, आणि वर अपेक्षा काय, तर झाडानंच माझ्याकडे चालत यावं! काय म्हणावं या ताठ्याला? मला माझीच भीती वाटली.

परतीच्या बसमध्ये खिडकी उघडली. तोच गंध. मी फोन लावला. मुक्तानं उचलला.  कसंबसं म्हटलं, “बेटा, इकडे संत्र्याला फुलं आली गं.”

 पलीकडून ती म्हणाली, “खिडकीजवळ बसून राहिली ना, आई? कानाले रुमाल बांध आधी. हवा लागते तुले.”