दगडाची हवा, डांबराची हवा

“कुठं निघालात?” हवा भरायला गाडी उभी केली की मामांचा पहिला प्रश्न हा. दुसरा, “संगं कोन?” उत्तर मिळाल्याशिवाय पंपाला हात लागत नसे. त्यामुळे गावात कोण कुणाला घेऊन कुठे गेलं, हे पोलीस पाटलाच्या आधी मामांना ठाऊक!

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. अकोले तालुक्यातल्या एका डोंगरी गावात मी गुरांचा डॉक्टर होतो. मामांचं दुकान म्हणजे बाभळीखाली एक हातपंप आणि पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं. त्यात मामांना दमा. चार पंप मारले की थांबायचे, छाती धरून श्वास घ्यायचे आणि वर मलाच म्हणायचे, “जरा दम धरा, डाक्टर.”

आमचं भांडण पुस्तिकेवरून. माझ्या मोटारसायकलबरोबर कंपनीची छापील पुस्तिका आली होती. तिच्यात मागच्या चाकाला चोवीस पौंड हवा म्हणजे चोवीस. मामा अंगठ्याने टायर दाबून विसावरच थांबत.

“मामा, पुस्तकात चोवीस लिहिलंय.”

“लिव्हनाऱ्यानं आपला रस्ता बघितलाय का?”

मी हट्टाने चोवीस भरून घ्यायचो. संध्याकाळी कंबर धरून परतलो की मामा माझ्या चालीकडे बघून शेजारच्यांना सांगत, “सायबांनी आज पुस्तक लई वाचलंय.” तुम्हीही हसला असता. मी मात्र तणतणत घरी जायचो.

एका भर दुपारी बायकोला कळा सुरू झाल्या, पंधरा दिवस आधीच. सरपंचांची जीप मिळाली. डांबरी रस्त्यापर्यंत सहा मैल नुसते दगड, तिथून पुढे अकोल्याचा दवाखाना. मामांनी जीप अडवली आणि एक अक्षर न विचारता चारी चाकांची हवा कमी करायला बसले.

“अहो मामा, पुस्तकात...”

“पुस्तकात कळा न्हाईत लिव्हलेल्या,” म्हणाले आणि पंप मांडीवर घेऊन पुढे बसले.

मऊ चाकांवर जीप डुलत डुलत निघाली. बायको म्हणाली, “आज रस्ता बरा आहे.” डांबर लागलं तशी मामांनी गाडी थांबवायला लावली. मऊ टायर या उन्हात जोरात पळवला तर तापून फुटणार, म्हणून पुन्हा हवा भरायची. मी पंप ओढून घेतला, तर माझ्या हातून नळीच निसटली आणि होती ती हवाही गेली.

“सोडा. तुमी ताईंपाशी बसा.”

मामा एकेक चाक भरत होते. त्यांच्या छातीतून शिट्टी वाजत होती, आत बायको कण्हत होती. माझं डोकंच फिरलं. “म्हाताऱ्या, मरेल ना ती! टाक तो पंप!” मी ओरडलो. मामांनी वरसुद्धा बघितलं नाही.

“अहो, भरू द्या त्यांना!” बायको आतून म्हणाली. “तेवढेच गचके थांबलेत.”

दवाखान्यात नर्सबाईंनी बायकोकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि आधी मामांनाच खाटेवर आडवं केलं. तासाभरात मुलगी झाली. सांगायला गेलो तर धापा टाकत त्यांनी विचारलं, “ताई?”

“बरी आहे.”

“मग झालं तर.”

माफी उद्या मागू म्हटलं. सकाळी बघतो तर ते पहाटेच्या एस.टी.नं निघून गेले होते. गावी परतल्यावर ते पुन्हा माझी चेष्टा करू लागले आणि माफी मागायला माझी जीभ काही रेटली नाही. पुढच्या थंडीत दम्याने मामा गेले.

लेकीला मी ही हकिकत शंभरदा सांगितली आहे. दरवेळी मी त्यांना काय बोललो तेवढं गाळतो. आज तुमच्यापाशी पहिल्यांदा सगळं सांगितलं.