येतेर

ती चादर झटकायची आणि विचारायची, "नावाचा अर्थ?" चादरीची टोकं जुळवायला तुम्ही चालत तिच्यापर्यंत पोचाल, तेवढ्यात उत्तर द्यायचं.

परदेशात, वेंटवर्थव्हिल नावाच्या उपनगराजवळच्या एका वृद्धाश्रमाची लाँड्री. पहिल्याच शिफ्टला मी सांगितलं, माझं नाव क्रांती. आईवडील चळवळीतले, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून मी मोठी झाले. अर्थ ऐकून ती म्हणाली, "छान. पण क्रांती झाल्यावर या चादरी कोण धुणार?"

ती तुर्की, साठीची. सगळे तिला टेरी म्हणायचे. मी आबला म्हणायचे, म्हणजे त्यांच्याकडची ताई. जगाच्या नावांचे अर्थ गोळा करणारी ही बाई, स्वतःच्या नावाचा विषय निघाला की उशांच्या अभ्र्यांत डोकं घालायची.

एकदा मी खनपटीलाच बसले तेव्हा बोलली. खरं नाव येतेर. अर्थ, पुरे. तिच्या गावाकडे मुलींवर मुली झाल्या की शेवटच्या मुलीचं नाव हे ठेवत. मग पुढचा मुलगा होतो म्हणे. ही पाचवी.

"मग झाला?"

"झाला. त्याच्या नावाचा अर्थ सिंह. मांजराला घाबरतो."

मला साताऱ्याकडच्या नकुशी नावाच्या मुली आठवल्या. समुद्रापलीकडेही तीच रीत! तिकडे सभा घेऊन मुलींची नावं बदलली होती. इथे ते काम मी एकटीच करणार होते. नाव बदलायचा फॉर्म नेटवरून काढला, जमेल तेवढा भरला, नव्या नावाची जागा मोकळी सोडली आणि ब्रेकमध्ये तिच्यापुढे ठेवला.

तिने चष्मा लावून सगळा वाचला. मग अभ्र्यासारखी त्याची नेटकी घडी घातली.

"बापाने मला न विचारता नाव ठेवलं," ती म्हणाली. "तू न विचारता काढायला निघालीस." चष्मा काढत म्हणाली, "आई याच नावाने हाक मारायची. तिच्या तोंडी ते वाईट लागत नसे."

हे मी वाचलेल्या एकाही पत्रकात नव्हतं. मी सॉरी म्हटलं. "नो वरीज," म्हणत तिने चादरीचं टोक माझ्या हातात दिलं.

रिटायर व्हायच्या आठवड्यात तिने स्वतःच बॅज आणून दिला. 'टेरी'वर चिकटपट्टी लावून माझ्याकडून मार्करने खरं नाव लिहून घेतलं. शेवटच्या दिवशी भेटेल त्याला ते दोनदा म्हणायला लावत होती. कुणी अर्थ विचारला तर सांगतही होती.

आता चादरीच्या दुसऱ्या टोकाला एक नवी नेपाळी मुलगी असते. मीही चादर झटकते, नावाचा अर्थ विचारते. फक्त त्याआधी विचारते, सांगायचाय का?