फेडरलकाकांची खुर्ची

फेडरलकाकांपुढे वाद रंगला की ते दोघांनाही उठवायचे. "खुर्ची बदला," म्हणायचे, आणि मग आपण ज्याच्यावर तुटून पडलो होतो त्याच्या जागी बसून त्याचीच बाजू मांडायची. तीही तो मान हलवेपर्यंत. इंग्लंडात, मिल्टन कीन्सच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीला नाटक की गाणी, हा जुना तंटा त्यांनी असाच मिटवला होता. लोक कौतुक करायचे. मला मात्र तो माणूस डोळ्यांत खुपायचा.

मूळचे नागपूरचे, इथल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, इतिहास शिकवायचे. अमेरिकेनं आपली घटना लिहिली तेव्हाची भांडणं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. म्हणून तर पोरांनी हे नाव ठेवलं. एक बाजू, फेडरलिस्टांची, म्हणे, केंद्र मजबूत नसेल तर ही राज्यं विखुरतील. दुसरी म्हणे, एक राजा आत्ताच घालवला, आता दुसरा कशाला बसवता? आधी माणसाचे हक्क लिहून द्या. काका हे अशा थाटात सांगायचे, जणू नागपुरात धंतोलीतल्या त्यांच्या बिऱ्हाडातच हे भांडण झालं होतं.

माझी सई बारावीच्या ए-लेव्हल परीक्षेला हाच विषय घेऊन बसली आणि दर रविवारी त्यांच्याकडे जायला लागली. घरी काहीही विचारलं तरी "फाइन" एवढंच म्हणणारी माझी पोरगी तिथं तासन् तास बोलायची, तेही तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत! आणायला गेलो की तिचं हसणं दाराबाहेर ऐकू यायचं. मी बेल वाजवली की थांबायचं. अंगाची नुसती आग व्हायची. बायको म्हणायची, "अहो, शिकतेय ना ती." शिकत होतीच. कॉम्प्युटर बंद कर म्हटलं की विचारायची, "बाबा, माझे राइट्स कुठे लिहिलाय?"

तिनं मेडिसिन घ्यावं, साउथहॅम्प्टनला जावं, हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. ती म्हणाली, हिस्टरीच करणार. घरात अबोला सुरू झाला. शेवटी मी तिला गाडीत घातलं आणि तणतणत काकांकडे गेलो. माझं घर फोडू नका, असं तोंडावर सुनावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"केंद्राची बाजू कळली, राव," ते म्हणाले. "आता खुर्ची बदला."

चडफडत बसलो सईच्या खुर्चीत आणि सई होऊन बोलायला लागलो. म्हणालो, मला रक्त बघवत नाही, हॉस्पिटलचा वास सहन होत नाही, हे बाबांना ठाऊक आहे. पण बाबा विचारत नाहीत, सांगतात. म्हणून मी दुसऱ्यांच्या घरी येऊन बोलते. एवढं बोलून गेलो आणि खुर्चीतून उठलो.

मग सईची पाळी. माझ्यासारखी हाताची घडी घालून, माझ्यासारख्याच भुवया चढवून ती म्हणाली, "मला मेडिसिनचं काही पडला नाही. मला भीती वाटतो, की तू काकांची मुलगी होशील."

काका चहा टाकायला म्हणून उठून गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

सई हिस्टरीला गेली. पुढं काका निवृत्त होऊन नागपूरला परतले, तेव्हा हीथ्रोवर त्यांच्या गळ्यात पडून ती ढसाढसा रडली. मी भारतात जायचो तेव्हा हिच्या डोळ्यांत टिपूस नसायचं. मला लागलं ते, अजून लागतं. काकांनी तेवढ्यात माझा हात धरून सांगितलं, "सांभाळा हिला." जणू मुलगी त्यांची आणि सांभाळायला दिली मला!

दोन हिवाळ्यांनंतर काका गेले. ती बातमीही आधी तिलाच कळली. तिनं मला फोन केला. आधी नुसते हुंदकेच. मग म्हणाली, "बाबा, खुर्ची बदल ना. तू काका हो."

झालो. नागपुरी हेल काढला, केंद्र, राज्यं, राजा, हक्क, आठवेल ते बोलत सुटलो. निम्मं चुकत होतं, ती दुरुस्त करत होती. मधेच ती हसली. दाराबाहेर ऐकू यायचं, तेच हसणं. ते काकांसाठी होतं, मला कळत होतं. तरी मी हेल सोडला नाही.