तुळसाबाईने सोडलेली ओळ

१९४९ साली नागपूरच्या रेडिओवर एक निराळं नाटक झालं. एका घरातली एक पहाट, निवेदक नाही, नुसतं बोलणं, गाणं आणि आवाज. जात्यावर दळत ओव्या गाणारी खरी बाई हवी होती. मी तेव्हा कॉलेजात, नाटकात मला चार वाक्यं. मी आमच्या जऊळक्याची तुळसाबाई सुचवली.

ती एकटी राहायची. मुलीच्या, विजयमालेच्या लग्नात मानपानावरून व्याह्यांशी भांडली आणि पोरीचं माहेर तुटलं. सहा वर्षं. सासर रिसोडला; ते काय लांब आहे? पण व्याह्यांनी पाठवली नाही एकदाही.

“रेडिओ रिसोडले ऐकू येते काय?” एवढंच तिने विचारलं. येतो म्हटल्यावर विजयमालेला निरोप धाडला आणि जातं पोत्यात बांधून आगगाडीत चढली.

स्टुडिओत दिग्दर्शक म्हणाले, “बाई, दाणे नकोत. रिकामं फिरवा, आवाज मोठा येतो.”

“रिकामं जातं फिरवतेत काय? घर बसते त्यानं! तुमच्या मायनं काई शिकवलं नाही तुमाले?”

ज्वारी आणावी लागली.

नाटक थेट जायचं. तुळसाबाईने खुंटा धरला, गायली, “दळण सरत आलं, पाटीत पीठ झालं...” आणि गप्प. नुसती घरघर. काचेमागे दिग्दर्शकांचे हातवारे. तिने ढुंकून पाहिलं नाही. एका ओळीएवढा वेळ जाऊ दिला, मग पुढची ओळ उचलली.

नंतर दिग्दर्शक म्हणाले, “विसरलात, पण झालं झकास!”

“विसरीन कायले? ते ओळ विजूची आहे. आमी दोघी दळो तं ते म्हणे.”

पंधरा दिवसांनी मी रिसोडला गेले. विजयमाला विहिरीवर भेटली.

“ऐकलं ताई, दुकानासमोर उभी राहून. लोकं हासले, बुढी विसरली म्हणे. सासू बाजूलेच होती.”

“मग?”

“माही ओळ मनातच म्हटली.” आणि हलक्या आवाजात मला म्हणून दाखवली, “माय, ऊठ आता, उगवतीले तांबडं आलं.”

जऊळक्याला येऊन मी सगळं सांगितलं.

“मोठ्यानं नाही म्हटली?”

खोटं बोलता आलं असतं. “नाही,” मी म्हटलं.

तुळसाबाईने जात्यात मूठभर ज्वारी टाकली, आपली ओळ म्हटली आणि थांबली. पुढची ओळ आता मला येत होती. मी म्हटली नाही.