कांद्याच्या चाळीतले इंटरव्ह्यू

इंटरव्ह्यू देऊन देऊन नोकरी लागंल तवा लागंल, किस्से मात्र पोत्यानं जमतात! आमच्या केंदूर गावातल्या कुठल्याबी ग्रॅज्युएटला विचारा, तासभर तुम्हाला सोडणार न्हाई.

आमच्या रिकाम्या कांद्याच्या चाळीत मी, गणेश आन् वैशाली संध्याकाळी तयारीला बसायचो. साहेब कायम गणेश. का? सगळ्यात जास्त इंटरव्ह्यूत नापास तोच, म्हंजी अनुभव त्यालाच!

एकदा त्यानं मला विचारलं, "तुमचा वीक पॉइंट काय?" मी यूट्यूबवरचं पाठ केलेलं ठोकून दिलं, "सर, मी गरजेपेक्षा जास्त काम करतो."

बाहेर बाजेवर पडलेले आमचे आबा ताडकन उठून बसले. "कवापासनं रं?"

मला आन् गणेशला मिळून टाय एकच. पुण्याच्या मावसभावानं गाठ मारून दिलेली. ती सोडायची न्हाई, नुसती सैल करून टाय डोक्यातनं काढायचा. ऐन इंटरव्ह्यूच्या सकाळी गणेशनं ती सोडली. वैशालीनं म्हशीच्या दाव्याला मारतात तशी गाठ मारून दिली. इंटरव्ह्यू झाला, टाय काय निघंना. शेवटी विळ्यानं कापला!

त्याच दिवशी कंपनीच्या साहेबांनी त्याला विचारलं होतं, "आमचीच कंपनी का?" गडी खरं बोलला, "सर, तुमची बस आमच्या फाट्यावर थांबते." बस आजून थांबते. गणेश चढत न्हाई.

वैशालीला मात्र हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं. तिच्या वडलांनी, आप्पांनी बजावलं होतं, "ही एकच कंपनी. न्हाई झालं, तर जे स्थळ हो म्हणंल तिथं गप लगीन करायचं." मला लई वाईट वाटायचं. आमच्यात खरी हुशार तीच.

रांजणगावच्या त्या कंपनीत माझा नंबर तिच्यामागं होता. तिला सोडायला आलेले आप्पा गेटवर थांबलेच न्हाईत. आत येऊन माझ्याशेजारी बाकड्यावर बसले. वैशाली बाहेर आली. मागनं साहेब दारात येऊन म्हणाले, "छान झाला इंटरव्ह्यू. कळवतो आम्ही."

आप्पा उठले. "साहेब, पोरगी बघून चार पाव्हणे 'कळवतो' म्हणून गेले, ते आजून कळवत्यात! काय आसंल ते तोंडावर सांगा."

साहेबांना हसू आलं. आत जाऊन कुणाशी तरी बोलले आन् परत आले.

"मामा, सोमवारपासून पाठवा."

आप्पांनी टोपी नीट केली. "बरं. घरी इचारून कळवतो."

"कुणाला इचारता?" वैशाली म्हणाली. "मी हितंच उभी हाय!"