तिसऱ्या चाकाचा कौल

इथे ॲमस्टरडॅमच्या आमच्या मराठी मंडळात मी नक्की काय काम करतो हे बरीच वर्षं कोणाला नीट माहीत नव्हतं. "गेम्समध्ये आहे," एवढंच मी सांगायचो. लोकांना वाटायचं, मुलांचे खेळ बनवत असेल. खरं सांगायचं तर मी कॅसिनोतल्या यंत्रांची चाकं थांबवतो. फिरवायला अक्कल लागत नाही, ते काम मोटर करते. थांबवणं ही कला आहे, आणि त्या कलेत मी स्वतःला उस्ताद समजायचो.

पूर्वी या यंत्रांत खरोखरीची चाकं असायची, दातेरी, स्प्रिंगवाली. दांडा ओढला की ती फिरायची आणि जिथे अडकतील तिथे तुमचं नशीब. आता तुम्ही बटण दाबता त्याच क्षणी आतली चिप एक आकडा उचलते आणि निकाल लागून जातो. त्यानंतर फिरणारी चाकं, लुकलुकणारे दिवे, घंटा, ही सगळी त्या निकालाची वरात. पहिल्या दोन चाकांवर सारखी चित्रं आली की माणूस श्वास रोखून धरतो. मग तिसरं चाक किती रेंगाळावं, यावर मी आयुष्याची अकरा वर्षं खर्च केली आहेत.

एक गोष्ट मात्र आम्हाला करता येत नाही. हरलेल्या माणसाला मुद्दाम 'थोडक्यात हुकलं' असं दाखवायचं नाही. यंत्र बाहेर पडण्याआधी तपासनीस हे बघतात. त्यांच्यापैकी एक बाई तर इतक्या कडक आहेत की त्या आल्या की मी कॉफीसुद्धा जपून पितो.

गेल्या गणपतीत मात्र तपासनीस नव्हते.

आमचा उत्सव बुइटनव्हेल्डर्ट भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये शनिवारी असतो. दुपारच्या मुख्य आरतीचा मान कोणाला, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. पितळेच्या डब्यात हात घालून चिठ्ठी काढायची, नाव वाचायचं, टाळ्या. मला ते फार मिळमिळीत वाटायचं. मी म्हटलं, यंदा मी यंत्र करतो. प्लायवूडची पेटी केली, आत तीन चाकं बसवली, चाकांवर मोदक, उंदीर, नारळ आणि जास्वंद. ज्याला तीन मोदक त्याची आरती.

निवड प्रामाणिक होती, हे शपथेवर सांगतो. एकवीस कुटुंबांतून चिपने एक नाव काढलं. पण ते नाव चौथ्याच नंबरला आलं तर खेळ आटोपला. म्हणून जिंकणाऱ्याला मी हाक मारायच्या यादीत शेवटी टाकलं. आणि त्याच्या आधीच्या चौघांना दोन मोदक दाखवून तिसरा रेषेवरून हळूच घसरवायचा, अशी सोय केली. ऑफिसात जे स्वप्नातही केलं नसतं, ते बाप्पासमोर केलं आणि वर शेरवानी घातली.

प्रयोग रंगला. सगळ्यात सुंदर चाक पडलं विसाव्या नंबरला. पस्तिशीची बाई, सिंधुदुर्गातली, नवऱ्याच्या व्हिसावर चार वर्षांपूर्वी आलेली. तिकडे ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची, इथे आल्यापासून घर आणि लेक. तिने आधी बाप्पाकडे बघून डोळे मिटले, मग बटण दाबलं. मोदक. मोदक. तिसरा मोदक रांगत रांगत आला, रेषेवर क्षणभर थांबला आणि केसभर खाली उतरला. अख्खा हॉल हळहळला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

जेवणाच्या रांगेत ती माझ्या पुढे होती. डोळे ओले, चेहरा मात्र शांत.

"दादा, तुमच्या मशीनने माझा प्रश्न सोडवला."

"कोणता गं?"

"लायडनच्या लॅबमध्ये नोकरी मिळालीये. सोमवारी सकाळपर्यंत कळवायचंय. लेक लहान, रोजची ट्रेन, काही ठरत नव्हतं. आमच्या गावी देवाला कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवतात, उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. इथे गुरव कुठला. म्हटलं, आरती मला आली तर जायचं."

"आणि?"

"बघितलंत ना. अगदी जवळ आणून थांबवलं त्याने. म्हणतोय, येईल वेळ, पण आत्ता नको."

त्या वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मागून मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "काय मशीन केलंयत हो, दिवाळीला पण हवं," आणि मी त्यांच्याकडे वळून वाकलो. खरोखर वाकलो, पडदा पडल्यावर नट वाकतो तसा. वळून बघतो तर ती लेकीला वरणभात भरवायला गेली होती.

रविवारी तिला फोन करायचा ठरवलं आणि काय बोलायचं त्याची आरशासमोर तालीम केली. दोन विनोदही घातले त्यात. फोन केला नाही. सोमवारी स्वतःला समजावलं की शिकलेली बाई आहे, एका चाकावरून थोडीच नोकरी सोडेल. मंगळवारी सकाळी सायकल काढली आणि तिच्या दारात जाऊन उभा राहिलो.

स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून तिला सगळा प्रोग्राम दाखवला. आकडा कुठे निघतो, चाक कुठून खोटं बोलायला लागतं. विनोद एकही आठवला नाही. ती पदार्थाची कृती वाचावी तशी लक्ष देऊन वाचत होती.

"म्हणजे ते जवळ आलंच नव्हतं?"

"नाही. ती ओळ मी लिहिली होती. तुझं नाव निघालं नव्हतं, एवढंच खरं."

"तुम्हाला शनिवारीच कळलं होतं, मी काय समजले ते."

"हो."

"आणि आलात आज, मंगळवारी."

तिने काल सकाळीच नकार कळवला होता. माझ्यासमोर तिने लायडनला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडची बाई सौजन्याने बोलली. वाईट वाटतं म्हणाली, पण काल दुपारीच दुसऱ्या उमेदवाराला विचारलं होतं आणि त्या उमेदवाराने होकारही दिला होता. हिने आभार मानून फोन ठेवला.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "ही नोकरी तुझ्या हातून मी घालवली."

आवाजात नको तेवढं कारुण्य आलं होतं, मलाच ऐकू आलं. तिनेही ऐकलं.

"दादा, देवाच्या नावाने तुम्ही खोटं दाखवलंत, ते तुमचं. तीन दिवस गप्प बसलात, तेही तुमचं. पण नकार मी दिला. भीती माझी होती, मला फक्त कोणाची तरी सही हवी होती. तेवढं तरी माझं राहू द्या."

मग तिने माझा लॅपटॉप मिटून बाजूला सारला, स्वतःचा पुढे ओढला आणि लायडनमधल्या दुसऱ्या जागा शोधायला लागली. मी मदत करू का म्हणून विचारलं. ती नाही म्हणाली. मी जिन्याने खाली आलो आणि सायकलचं कुलूप उघडताना मान वर केली. वर तिच्या खिडकीत ती लेकीला जवळ घेऊन स्क्रीनकडे बघत होती.